बेरिलला जमेल

बेरिल शहात्तर वर्षांची होती, आणि ती कधी जन्मलीच नव्हती.

तिला टॅम्सिन हॉइलने अ‍ॅडलेडमधल्या एका कार्यालयात, एका गुरुवारी, जेवणानंतरच्या दोन तासांत तयार केलं होतं. टॅम्सिन विद्यापीठात मानसशास्त्र शिकत होती. त्यातली तिची शाखा म्हणजे माणसाचं आणि यंत्राचं कुठे बिनसतं, आणि ते बिनसू नये म्हणून यंत्र कसं घडवावं, याचा अभ्यास. तिचे वडील ट्रक चालवायचे. "म्हणजे बटण कुठं लावायचं ते शिकवतात का तुला?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं, आणि इतक्या नेमक्या शब्दांत ते तिच्या पुस्तकांनीही सांगितलं नव्हतं. शेवटच्या वर्षी सहा महिने एखाद्या कंपनीत काम करायचं, कंपनीने बरा शेरा दिला की पदवी हातात, असा नियम होता.

तिच्या वाट्याला आलेली कंपनी म्हाताऱ्या माणसांसाठी गोळ्यांचं यंत्र बनवत होती. पावाच्या डब्याएवढं, पांढरंशुभ्र. आठवड्याभराच्या गोळ्या त्यात भरून ठेवायच्या. वेळ झाली की यंत्र घंटा वाजवणार आणि त्या वेळच्या गोळ्या वाटीतून पुढे सरकवणार. गोळ्या घेतल्या की समोरच्या काचेवरच्या हिरव्या गोलावर बोट टेकवायचं, म्हणजे घेतल्याचं यंत्राला कळणार. बोट टेकवलं नाही, तर म्हातारं माणूस विसरलं असं समजून यंत्र वीस मिनिटांनी पुन्हा घंटा वाजवणार आणि पुन्हा गोळ्या पुढे करणार. यंत्राच्या शहाणपणाची ही पायरी कंपनीला फार प्रिय होती.

या धंद्यात एक रीत आहे. यंत्र ज्यांच्यासाठी करायचं त्यांच्यातला एक माणूस कल्पायचा, त्याला नाव, वय, आवडीनिवडी द्यायच्या, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहावा म्हणून भिंतीवर लावायचा. रीत वाईट नाही. मात्र आधी तीस-चाळीस खऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसायचं, ती उठतात कशी, चष्मा कुठे विसरतात, डबा कशाने उघडतात ते बघायचं, आणि त्या सगळ्यांतून तो एक माणूस काढायचा, असं टॅम्सिनच्या बाईंनी वर्गात बजावलं होतं. कंपनीचा उत्पादनप्रमुख लॅकलन प्रायर म्हणाला, "शुक्रवारपर्यंत दे."

तेव्हा टॅम्सिनने कुणाच्याही घरी न जाता बेरिल लिहून काढली. निवृत्त ग्रंथपाल. शब्दकोडी सोडवण्याचा नाद. दर रविवारी लंडनमधल्या नातवाशी व्हिडिओवर गप्पा. 'नव्या यंत्रांची धास्ती नाही, उलट कुतूहल.' फोटो विकत घेतला होता: पांढऱ्या केसांची एक बाई सॅलडच्या वाडग्याकडे बघून हसत होती. दात इतके पांढरे आणि इतके सारे, की ही बाई शहात्तरची असेल तर टॅम्सिन नव्वदची होती. हे सगळं खोटं आहे हे टॅम्सिनला लिहितानाच कळत होतं. पण शुक्रवार उद्यावर आला होता.

बेरिल भिंतीवर लागली आणि तिथून खाली उतरली. आधी तिला बैठकीच्या टेबलापाशी एक खुर्ची मिळाली. 'आपण कुणासाठी काम करतो याची आठवण' म्हणून ती रिकामी ठेवायची, पाठीला बेरिलचा फोटो टांगायचा. मग तिचा वाढदिवस ठरला, चौदा मार्च, आणि त्या दिवशी सगळ्यांनी तिच्या नावाने लॅमिंग्टन नावाचे केक खाल्ले. मग तिची मतं यायला लागली. रचनाकार जॅरडने काचेवरची अक्षरं फिकट राखाडी केली, तेव्हा कुणीतरी विचारलं, "म्हाताऱ्यांना दिसतील का रे ही?"

"बेरिलला भडक काही आवडत नाही," जॅरड म्हणाला. विषय संपला.

अवघड काही निघालं की लॅकलन खुर्चीकडे बघून विचारायचा, "बेरिलला जमेल?" आणि बेरिलला सगळंच जमायचं. या कार्यालयात तिच्याइतकी कामसू बाई दुसरी नव्हती.

यंत्र माणसांच्या हातात देऊन बघायची वेळ आली, तेव्हा माणसं कुठून आणायची हा प्रश्नच पडला नाही. विद्यापीठात मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरांना कुणाच्या ना कुणाच्या प्रयोगात बसावंच लागतं, त्याचे गुण मिळतात. एकोणीस-वीस वर्षांची बावीस पोरं आली. त्यांना म्हातारं करायला एक पोशाख होता. मनगटांना वाळूच्या पिशव्या, गुडघ्यांना पट्टे, मोतीबिंदू झाल्यासारखं दिसावं म्हणून पिवळा चष्मा, हात जड व्हावेत म्हणून जाड हातमोजे. पोरं आळीपाळीने अर्ध्या तासाचं म्हातारपण अंगावर चढवत होती, कंबर धरून कण्हत होती आणि एकमेकांचे फोटो काढत होती.

हातमोजे घालून काचेवर बोट टेकवलं की काच काही ऐकेना. पहिली तीन पोरं अडकली. लॅकलन वैतागला. "मोजेच चुकीचे आहेत," तो म्हणाला, "टोकं काप त्यांची." टॅम्सिनने कात्री घेतली आणि दहाही बोटांची टोकं कापून टाकली. मग एकोणीस वर्षांची घामट, लुसलुशीत बोटं बाहेर आली आणि बावीसच्या बावीस पोरं पास झाली.

कात्री खणात ठेवताना तिचा हात जरा थांबला. आपण नक्की काय कापलं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. "एकदा खऱ्या म्हाताऱ्यांना दाखवूया," ती लॅकलनला म्हणाली.

"खऱ्या म्हणजे?" तो म्हणाला. "बेरिल आहे ना."

तो गमतीत म्हणाला होता. निदान अर्धा तरी. पण यंत्रांची पहिली खेप, चारशे नग, मरे नावाच्या नदीकाठच्या गावांतल्या घरोघरी जायची होती, आणि 'वापरायला सुरक्षित' अशा अहवालावर टॅम्सिनची सही लागणार होती. सही करणारीच कुरकुरते म्हटल्यावर त्याने एक दिवस आणि सहा माणसं मंजूर केली.

त्यातल्याच रेनमार्क गावच्या बोलिंग क्लबच्या दिवाणखान्यात तिने एक टेबल मांडलं, त्यावर यंत्र, टोस्टर, किटली आणि वर्तमानपत्र. गोळ्यांच्या जागी रंगीत जेली बीन भरले. येणाऱ्याने आपल्या घरची सकाळ समजून वावरायचं, आणि टॅम्सिनने कोपऱ्यात गप्प बसून टिपायचं. काहीही झालं तरी बोलायचं नाही, हा प्रयोगाचा नियम.

चौथ्या आल्या त्या वर्ना लिंडनर. एक्क्याऐंशी वर्षांच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. चाळीस वर्षं फळं डबाबंद करायच्या कारखान्यात काढलेली बाई.

"हे खरंच खायचे?" त्यांनी वाटीत डोकावून विचारलं.

"हो, मिसेस लिंडनर. औषध समजून."

"वर्ना म्हण गं. मिसेस लिंडनर म्हणजे माझी सासू, आणि ती तुला आवडली नसती." त्यांनी पाव टोस्टरमध्ये सरकवला. "डॉक्टरने असं औषध दिलं असतं तर मी एक वेळ चुकवली नसती."

घंटा वाजली. वर्नाने चार जेली बीन खाल्ले, सांगितल्याप्रमाणे हिरव्या गोलावर बोट नीट दाबलं, आणि टोस्ट करपतोय म्हणून तिकडे वळल्या. गोल तसाच हिरवा राहिला. काचेला त्यांचं बोट कळलंच नव्हतं.

वीस मिनिटांनी पुन्हा घंटा, पुन्हा वाटी. वर्नाने वाटीकडे बघितलं, मग टॅम्सिनकडे. टॅम्सिनने नियमाप्रमाणे मान वहीत घातली. वर्नाने चार बीन उचलले, खाल्ले आणि पुन्हा बोट दाबलं. तिसऱ्यांदा घंटा वाजली, वाटी पुढे आली आणि वर्नाचा हात तिच्याकडे जायला लागला, तेव्हा टॅम्सिन नियम मोडून म्हणाली, "थांबा."

वर्ना थांबल्या.

"तुम्ही आधी घेतल्या होत्या, हे आठवत होतं ना तुम्हाला?"

"आठवत होतं की."

"मग पुन्हा का घेतल्या?"

"घंटा वाजली." एवढं पुरेल असं वर्नाला वाटलं. पोरीचा चेहरा बघून त्या खुर्ची ओढून बसल्या आणि लहान मुलाला गणित समजवावं तसं सांगू लागल्या. "हे बघ बाळा, मला वाटत होतं घेतल्या. मशीनला वाटत होतं नाही घेतल्या. आता मी एक्क्याऐंशीची आणि ते कोरं करकरीत. चूक कुणाची असणार? घरी लेक म्हणते, आई तू विसरतेस. जावई म्हणतो, आई विसरतात. आता हा डबाही तेच म्हणाला. मी भांडू तरी किती जणांशी?"

टॅम्सिनने त्यांचा हात मागितला. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत होती, कोरडी, एक रेघ नाही.

"पीचची सालं निघावीत म्हणून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढायचे," वर्ना म्हणाल्या. "मोजे द्यायचे, पण मोजे घालून हात चालत नाही, आणि पट्टा काही थांबत नाही. माझा फोनसुद्धा मला ओळखत नाही. नातू म्हणतो, आजी, तू बँक लुटलीस तर सापडायची नाहीस."

त्या दिवशी सहांपैकी चौघांनी दोन-दोनदा गोळ्या घेतल्या. चौघांचीही बोटं सुकलेली होती. एकाची द्राक्षांच्या मळ्यात, दोघींची कारखान्यात, एकाची नुसती वयाने. खऱ्या गोळ्या असत्या, तर रक्तदाबाच्या औषधाचा दुप्पट मारा बसून चौघंही स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडवी झाली असती. त्यांच्या जागी जेली बीन होते म्हणून ती चौघं घरी जाऊन जेवली.

कार्यालयात लॅकलनने बेरजा करून ठेवल्या होत्या. "अठ्ठावीस जण. चोवीस पास. शहाऐंशी टक्के," तो म्हणाला, आणि टाळ्या वाजल्या.

"त्यातली बावीस पोरं आहेत," टॅम्सिन म्हणाली. "खरे सहा, आणि सहांत चार नापास."

"सहा हा काही आकडा नाही, टॅम."

"मग बेरिल किती आहे?"

टेबलाभोवती कुणीतरी खोकलं. लॅकलनने पेन खाली ठेवलं. "बेरिल प्रातिनिधिक आहे. तुझी ती लिंडनरबाई टोकाची आहे. फळांच्या कारखान्यात हात पोळलेली किती गिऱ्हाइकं असणार आपली?"

"रेनमार्कमध्ये? गल्लीत चार."

"एक व्हिडिओ करून देऊ," जॅरड म्हणाला. "बोट कसं दाबायचं त्याचा. खरं सांगू, बेरिलने दोनदा घेतल्याच नसत्या."

तो हे अगदी मनापासून बोलला. टॅम्सिनने खुर्चीवरच्या फोटोकडे बघितलं. त्या बाईची बोटं सॅलडच्या चमच्यावर होती, ओलसर, गुलाबी, काचेला पटकन कळतील अशी. या खोलीतली अकरा शिकलेली माणसं एका कागदाच्या म्हातारीवर विश्वास ठेवून चार जिवंत म्हाताऱ्यांना खोटं पाडत होती, आणि तो कागद तिच्याच हातचा होता. तिला सगळ्यांची शिसारी आली. स्वतःची जरा जास्तच.

"सोमवारी सही हवी," लॅकलन म्हणाला. "माल एक तारखेला निघतोय."

तिने विद्यापीठातल्या बाईंना फोन केला. "सही करू नकोस," बाई म्हणाल्या.

"मग ते दुसऱ्या कुणाची तरी घेतील."

"घेतील," बाई म्हणाल्या. खोटा धीर देणं त्यांना जमायचं नाही. "मग नुसतं 'नाही' म्हणून भागायचं नाही. ते कुणाचं ऐकतात तिथे, ते शोध."

ते शोधायची गरज नव्हती. रविवारी दुपारी टॅम्सिन टेबलाशी बसली आणि जन्माच्या वेळी वापरला होता तसलाच कागद घेऊन तिने बेरिलचा एक मंगळवार लिहून काढला. आपल्या मनाचं या वेळी तिने एक अक्षर घातलं नाही. रेनमार्कच्या दिवाणखान्यात जे घडलं होतं, तेच; फक्त जेली बीनच्या जागी खऱ्या गोळ्या.

सोमवारी बैठकीत लॅकलनने अहवाल पुढे सरकवला. टॅम्सिनने तो उचलला नाही.

"एक वाईट बातमी आहे," ती म्हणाली. "बेरिल गेली."

"कुठं गेली?" जॅरड म्हणाला.

"वारली. मंगळवारी."

दोघं-तिघं हसली. टॅम्सिन हसली नाही, तशी तीही थांबली. तिने कागद उलगडून वाचायला सुरुवात केली. सकाळी आठला बेरिलने गोळ्या घेतल्या. काचेवर बोट टेकवलं. थंडीने बोटं सुकली होती, काचेला कळलं नाही. ती शब्दकोडं घेऊन बसली. वीस मिनिटांनी घंटा वाजली. घेतल्या होत्या असं तिला वाटत होतं. पण यंत्र नाही म्हणत होतं, आणि यंत्र नवं होतं. तिने पुन्हा घेतल्या. पावणेनऊला ती किटली भरायला उठली आणि फरशीवर पडली.

"पण ती हुशार होती," जॅरड म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "कोडी सोडवायची."

"म्हणूनच. हुशार माणसालाच पहिल्यांदा वाटतं, आता आपलं डोकं चालेनासं झालं."

"हा अधिकार तुला कुणी दिला?" लॅकलन म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "बेरिल कंपनीची आहे."

"जन्माला घालताना नाही विचारलंत."

यंत्राची जुळणी बघणारी एक मुलगी टेबलावरचं पाणी प्यायली. मग लॅकलननेच, फोटोकडे न बघता, हळू आवाजात विचारलं, "किती वेळ पडून होती?"

"रविवारपर्यंत," टॅम्सिन म्हणाली. "नातवाचा फोन रविवारी असतो."

जॅरड उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. सहा खऱ्या माणसांच्या नोंदी त्याच टेबलावर पाच दिवस पडल्या होत्या, आणि त्या वाचून कुणाच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं.

अर्ध्या तासात सगळं ठरलं. एक तारीख रद्द. काचेवरच्या गोलाऐवजी दाबलं की खट्ट वाजणारं, अंगठ्याएवढं खरं बटण. शंका आली तर यंत्राने गोळ्या पुन्हा पुढे न करता वाटी बंद करायची आणि घरच्यांना फोन लावायचा. राखाडी अक्षरं काळी झाली. टॅम्सिनने आठवडाभर सांगितलेलं एकेक कलम आता दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून, नवीन सुचल्यासारखं येत होतं. खुर्चीवर कुणीतरी फुलं आणून ठेवली. बदलांच्या अहवालाचं नाव 'बेरिलकडून शिकलेला धडा' असं पडलं. वर्ना लिंडनर हे नाव त्यात कुठेच नव्हतं.

दोन आठवड्यांनी लॅकलन तिच्या टेबलापाशी आला. "आता यंत्र सुधारलं," तो म्हणाला. "म्हणजे आता ती पडणार नाही. तर तिच्या कागदात तेवढं बदलून तिला परत आणशील का? लोकांना करमत नाहीये."

"नाही," टॅम्सिन म्हणाली.

तिच्या शेऱ्यात त्याने लिहिलं: 'कल्पनाशक्ती उत्तम. इतरांच्या भावनांची जाण कमी.' पास करण्यापुरता तो शेरा होता.

नवं यंत्र घेऊन ती पुन्हा रेनमार्कला गेली, या वेळी थेट वर्नाच्या घरी. वर्नाने जेली बीन खाल्ले आणि बटण दाबलं. खट्ट वाजलं, वाटी आत गेली. वीस मिनिटं दोघी चहा पीत बसल्या. घंटा वाजली नाही.

"हे आधीच का नाही केलंत?" वर्ना म्हणाल्या. "मी आठ खाल्ले तेव्हाच कळलं होतं ना?"

"मला कळलं होतं. ऑफिसात कुणी ऐकेना. मग बेरिल म्हणून एक बाई दगावली, तेव्हा ऐकलं."

"अगंबाई. या मशीनपायी?"

खोटं बोलायचं टॅम्सिनच्या जिवावर आलं. "ती खरी नव्हती, वर्ना. आम्ही मनाने बनवलेली होती. भिंतीवर फोटो लावला होता."

वर्नाने कप बशीत ठेवला. त्यांनी ते नीट समजून घेतलं, घाई केली नाही. "म्हणजे मी इथं बसून खाल्ले, ते चाललं. आणि जी नव्हतीच, ती मेली, तर तुमचे साहेब रडले?"

"साहेब नाही. साहेबांच्या हाताखालचा. साहेबांना नुसतं करमत नाहीये."

"फार शिकलेली माणसं दिसतात तुमच्याकडे," वर्ना म्हणाल्या. त्या उठल्या, कपाटाचा खण उघडला आणि काळ्या किनारीचं, सांत्वनाला पाठवतात तसलं एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. या वयात ही कार्डं घरात असतातच. "नाव काय म्हणालीस साहेबांचं? दोन ओळी लिहिते. घरातलं माणूस गेलंय, कुणीतरी विचारायला हवं."

टॅम्सिनने नाव सांगितलं. मग पत्ता सांगितला, पिनकोडासकट.